वेशीवरचा दगड

कंपनीनं सहा महिन्यांसाठी शेफील्डला पाठवलं, तेव्हा सुरुवातीचे वीकेंड लंडन, एडिंबरा असे नेहमीचे गेले. मग पैसे संपत आले आणि मी बसनं जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशी गावं शोधायला लागलो. त्यातलं एक ईम. स्पेलिंग वाचून आपण त्याला 'इयाम' म्हणतो. मीही बसच्या ड्रायव्हरला तसंच म्हणालो आणि त्यानं न हसता दुरुस्ती केली. डर्बीशरच्या डोंगरातलं, दगडी घरांचं छोटं गाव. ऑफिसमधला एक जण म्हणाला होता, "प्लेगचं गाव आहे, बघून ये." मला वाटलं, एखादं म्युझियम असेल, चहा पिऊन परत येऊ.

प्लेगचं गाव म्हणजे काय ते उतरल्यावर पाच मिनिटांत कळलं. रस्त्याच्या कडेच्या साध्यासुध्या, माणसं राहत असलेल्या घरांसमोर पाट्या आहेत. या घरात कोण राहत होतं, कोण कोणत्या तारखेला गेलं. एकाच आडनावाची पाच-सहा नावं, तारखांमध्ये दोन-दोन, चार-चार दिवसांचं अंतर. पाटीच्या मागे खिडकीत कुंड्या, आत टीव्ही चालू.

तिथून चर्चमध्ये गेलो. सेंट लॉरेन्सचं चर्च. आवारात एक सॅक्सन क्रॉस उभा आहे, हजार वर्षांहून जुना, म्हणजे चर्चच्या आत्ताच्या इमारतीपेक्षाही जुना. भिंतीवर १७७५ सालचं सूर्यघड्याळ. आत गेल्यावर जुन्या दगडाचा आणि मेणाचा वास. मी धार्मिक नाही. आपल्याकडच्या देवळात मी आईबरोबर जातो आणि बाहेर चपला सांभाळत उभा राहतो. इथे सांभाळायला चपलाही नव्हत्या, म्हणून बाकावर बसलो. समोर रंगीत काचांची एक खिडकी आहे, १९८५ साली बसवलेली. तिच्यात येशूच्या गोष्टीऐवजी या गावाची गोष्ट आहे.

ती गोष्ट अशी. १६६५ च्या उन्हाळ्याच्या शेवटी लंडनहून गावातल्या शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला. लंडनमध्ये तेव्हा प्लेग होता. कापड दमट झालेलं, म्हणून जॉर्ज विकर्स नावाच्या शिंपीकाम करणाऱ्या माणसानं ते शेकोटीपाशी पसरलं. ७ सप्टेंबरला तो मेला. मग त्या घरातलं पोर, मग शेजारी. हिवाळ्यात साथ मंदावली, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उसळली. ज्यांना शक्य होतं ते आधीच निघून गेले होते. उरलेले जून १६६६ मध्ये निघायच्या बेतात होते, तेव्हा गावच्या धर्मगुरूनं त्यांना थांबवलं. त्याचं नाव विल्यम मॉम्पेसन. गावात येऊन त्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती. वय अठ्ठावीसच्या आसपास, म्हणजे आत्ताच्या माझ्याएवढं.

त्याचं म्हणणं होतं, आपण गेलो तर साथ आपल्याबरोबर शेजारच्या गावांत जाईल, शेफील्डला जाईल. म्हणून कुणी बाहेर जायचं नाही, कुणी आत यायचं नाही. लोकांचा त्याच्यावर फारसा विश्वास नव्हता. त्यांचा विश्वास होता आधीच्या धर्मगुरूवर, थॉमस स्टॅनलीवर. १६६२ च्या कायद्यानं इंग्लंडमधल्या सगळ्या चर्चना एकच अधिकृत प्रार्थनापुस्तक सक्तीचं केलं, ते स्टॅनलीनं मान्य केलं नाही आणि त्याची जागा गेली. त्याच जागेवर मॉम्पेसन आलेला. एकाची नोकरी गेली ती दुसऱ्याला मिळाली, आणि गाव वाचवायचं तर दोघांनी शेजारी उभं राहून बोलायला हवं होतं. ते राहिले. माझ्या टीममध्ये दोन आर्किटेक्ट एका डिझाइन डॉक्युमेंटवर सही करायला तीन महिने लावतात, त्यामुळे मला हा भाग सगळ्या गोष्टीतला सर्वात अविश्वसनीय वाटला.

तीन गोष्टी ठरल्या. चर्च बंद, प्रार्थना गावाजवळच्या ककलेट डेल्फ नावाच्या दरीत, उघड्यावर, कुटुंबाकुटुंबात अंतर ठेवून. मेलेल्यांना चर्चच्या आवारात पुरायचं नाही, ज्यानं त्यानं आपापल्या परसात किंवा शेतात पुरायचं. आणि गावाभोवती हद्द. हद्दीवरच्या दगडांपाशी बाहेरचे लोक अन्न ठेवून जायचे, गावकरी व्हिनेगर भरलेल्या खळग्यांत नाणी टाकून ठेवायचे. जवळच्याच चॅट्सवर्थचा अर्ल ऑफ डेव्हनशरही रसद पाठवायचा. १ नोव्हेंबर १६६६ ला शेवटचा मृत्यू झाला. मॉम्पेसननं नंतर एका पत्रात हिशेब दिला: ७६ कुटुंबांत साथ शिरली, २५९ माणसं गेली. गावात एकूण माणसं किती होती यावर इतिहासकारांचं एकमत नाही. साडेतीनशे म्हणणारे आहेत, सातशे-आठशे म्हणणारेही आहेत. कुठलाही आकडा घेतला तरी भयंकरच. साथ मात्र हद्दीबाहेर गेली नाही.

इथपर्यंत गोष्ट खिडकीच्या काचेसारखी स्वच्छ आहे. त्याग, श्रद्धा, गाव. बाकावर बसून मी ती मोबाइलवर वाचत होतो आणि मनात म्हणत होतो, ग्रेट. मग एक ओळ आली. लोकांना थांबायला सांगण्याआधी मॉम्पेसननं आपली दोन्ही मुलं, जॉर्ज आणि एलिझाबेथ, गावाबाहेर यॉर्कशरला पाठवून दिली होती.

मी ती ओळ पुन्हा वाचली.

बाहेर आवारात आलो. क्रॉसच्या जवळ एक कबर आहे, टेबलासारखी, दगडी. कॅथरीन मॉम्पेसनची, त्याच्या बायकोची. मुलांना पाठवलं तेव्हा तीही जाऊ शकत होती, पण ती नवऱ्याजवळ राहिली आणि ऑगस्ट १६६६ मध्ये प्लेगनं गेली. वय २७. ती थोर बाई होती याबद्दल मला शंका नाही. पण कबर चर्चच्या आवारात आहे. बाकीच्यांच्या कबरी परसात, शेतात, बांधावर. नियम ज्याच्या तोंडून गावानं ऐकला, त्याच्या घरासाठी नियमाला दोन अपवाद झाले. एक मुलांचा, एक बायकोचा.

दुसऱ्या कुणाला या दोन गोष्टींचं इतकं वाटलं नसतं. मला वाटलं, त्याचं कारण आमच्या तात्यांचं एक वाक्य.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. माणदेशात आमचं गाव आहे. दुष्काळी, त्यामुळे निम्मं गाव मुंबईला माथाडीत, गलाईत नाही तर पुण्याला. मार्च २०२० मध्ये मी पुण्यात होतो, नोकरी लागून वर्ष-दीड वर्ष झालेलं. २३ मार्चला राज्यात संचारबंदी लागली, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. त्या रात्री मी मोटरसायकल काढली आणि आडरस्त्यानं गावाकडे निघालो. हे तेव्हा हजारोंनी केलं. मी जे कुणाला सांगितलं नाही ते असं, की माझ्या रूममेटला दोन दिवस ताप आणि खोकला होता, आणि त्या दिवशी सकाळपासून माझाही घसा दुखत होता. तो खोलीवर एकटा राहिला. मी निघालो.

पहाटे गावाशी पोचलो तर वेशीवर बाभळीची झुडपं टाकलेली, मागे बैलगाडी आडवी. गावानं स्वतःला बंद करून घेतलं होतं. दक्षता समिती केली होती आणि तात्या त्या समितीत होते. नियम त्यांनीच फळ्यावर लिहिला होता: बाहेरून येणाऱ्यानं चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत राहायचं. मी तात्यांना फोन केला. ते म्हणाले, "थांब तितंच. आवाज करू नगंस." थोड्या वेळानं चुलतभाऊ ओढ्याकडून आला, गाडी ज्वारीच्या ताटांमागे लपवली आणि मला मागच्या बाजूनं घरी घेऊन गेला. मी म्हणालो, "तात्या, शाळेत राहतो की मी." तात्या म्हणाले, "शाळंत झोपायला तू काय परका हायस?"

घरात आजी होती, ऐंशीच्या पुढची. मी तिच्यापासून लांब राहिलो, म्हणजे एकाच घरात जितकं लांब राहता येतं तितकं. दोन दिवसांनी घसा थांबला. आठवड्याभरानं मुंबईहून एक कुटुंब आलं. नवरा-बायको, दोन पोरं आणि नवऱ्याचा धाकटा भाऊ, जो प्राथमिक शाळेत माझ्या वर्गात होता. त्यांना तात्यांनी वेशीवर अडवलं आणि शाळेत नेऊन ठेवलं. ज्या वर्गात आम्ही दोघं पाढे म्हणायचो त्याच वर्गात. चौदा दिवस. पोरं रात्री रडायची, ते आमच्या माळवदावर ऐकू यायचं. मी रोज संध्याकाळी रेंजसाठी माळवदावर जायचो.

कुणाला काही झालं नाही. आजी त्यानंतर चार वर्षांनी गेली, वयानं. त्यामुळे आमच्या घरात ही गोष्ट विनोदी आहे. लग्नकार्यात सांगितली जाते. ज्वारीत लपवलेली गाडी, कुत्र्यांचं भुंकणं, मी ओढ्यात घसरलो ते. एकदा मी म्हणालो, "तात्या, आजीला काही झालं असतं तर?" तात्यांनी पान चघळत विचारलं, "झालं का काय कुणाला? न्हाय ना? मग!"

त्या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तत्त्वज्ञानात या गोष्टीला नाव आहे हे मला बरंच नंतर कळलं. नैतिक नशीब. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोघांनी १९७६ साली त्यावर लिहिलं. प्रश्न साधा आहे: दोन माणसांनी सारखीच चूक केली, एकाच्या चुकीतून अनर्थ झाला, दुसऱ्याच्या झाला नाही, तर दोघांचा दोष सारखा का? आमच्या धंद्यात याचं उदाहरण दर महिन्याला मिळतं. कुणीतरी शुक्रवारी संध्याकाळी रिव्ह्यूशिवाय कोड प्रोडक्शनला ढकलतो. चाललं तर 'काय धडाडी आहे पोरात'. पडलं तर सोमवारी त्याची मीटिंग. कोड तोच असतो, बोटंही तीच. आम्ही निकालाला मार्क देतो आणि समजतो की माणसाला दिले.

मॉम्पेसनचंही तसंच. त्याच्या मुलांच्या कपड्यांत, सामानात रोग असता, त्यांच्यामुळे यॉर्कशरचं एखादं गाव साफ झालं असतं, तर चर्चमध्ये ही खिडकी नसती. मुलं वाचली, कुणाला काही झालं नाही. मग! तात्याच तिथं बसून बोलताहेत असं वाटलं.

तरीही तात्या आणि मॉम्पेसन एकच, असं म्हणायला मन धजत नाही, आणि का धजत नाही ते मी कबरीशेजारच्या गवतावर बसून बराच वेळ शोधत होतो. एक फरक वेळेचा आहे. मुलं गेली तेव्हा हद्द ठरली नव्हती. जाणं तेव्हा कुणालाही मोकळं होतं, निदान ज्याच्याकडे घोडा आणि नातेवाईक होते त्याला. त्यानं स्वतः केलेला नियम मोडला नाही, नियमाच्या आधी आपला फायदा करून घेतला. कायद्याच्या भाषेत हा फरक मोठा आहे. पण समोर बसलेल्या बाईच्या मांडीवर तीन पोरं असताना तिला तो किती मोठा वाटला असेल?

दुसरा फरक मला जास्त पटतो. तो स्वतः थांबला. बायको थांबली, मेली. जून ते नोव्हेंबर तो घराघरांत जात राहिला. किंमत मोजली नाही असं त्याला कुणी म्हणू शकत नाही. मी किंमत मोजली नाही. तात्यांनीही नाही. आमच्या नियमाची किंमत शाळेतल्या त्या दोन पोरांनी मोजली.

मग ज्यानं स्वतःची पोरं आधी सुरक्षित केली, त्याला दुसऱ्यांना 'थांबा' म्हणण्याचा अधिकार उरतो का? सुरुवातीला मला वाटलं, नाही. आता वाटतं, अधिकार उरतो, कारण तो जे सांगत होता ते बरोबर होतं, आणि बरोबर गोष्ट सांगायला स्वच्छ माणसाची वाट बघत बसलो तर ती कधीच सांगितली जाणार नाही. तो सांगतोय ते खरं आहे का, हे त्याच्या मुलांवरून ठरत नाही. पण त्यानं ककलेट डेल्फच्या दरीत उभं राहून सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं, माझी मुलं मी पाठवलीत, आणि तरीही तुम्हाला थांबायला सांगतोय. तो तसं म्हणाला का याची नोंद माझ्या वाचनात नाही. गावाला बहुधा माहीत असणारच, एवढ्याशा गावात धर्मगुरूची पोरं दिसेनाशी झाली तर कळणार नाही का. माहीत असणं आणि सांगितलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी खात्रीनं सांगू शकतो.

दुपारी रायलीच्या कबरी बघायला गेलो. गावापासून अर्धा मैल, चढावर. मोकळ्या शेतात दगडी भिंतीचं एक गोल कुंपण आणि आत हँकॉक कुटुंबाचे दगड. एलिझाबेथ हँकॉकनं ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं गमावली आणि सगळ्यांना स्वतःच्या हातानं इथं पुरलं. ती जगली. नंतर हे ठिकाण सोडून शेफील्डला, उरलेल्या मुलाकडे गेली. त्या महिन्यात गावात सत्तरहून जास्त माणसं मेली, म्हणजे मदतीला यायला कुणी नव्हतंच.

तिथे उभं राहिलं की सहमतीबद्दलचं आपलं बोलणं फार हलकं वाटायला लागतं. गावानं हो म्हटलं, असं आपण म्हणतो. कुणी म्हटलं? पुरुषांनी? हँकॉकच्या सहा मुलांना कुणी विचारलं नाही. आणि गरिबाला जाणार तरी कुठे होतं? प्लेगच्या गावचा माणूस दारात आला तर कुणी उभं केलं नसतं. १६६२ चाच आणखी एक कायदा होता, ज्यामुळे बाहेरून आलेल्या गरिबाला त्याच्या मूळ गावी परत हाकलता यायचं. ज्याच्यापुढे दुसरा रस्ताच नाही त्याच्या 'हो'ला आपण त्याग म्हणतो, कारण ते ऐकायला चांगलं वाटतं, असं मला क्षणभर वाटून गेलं.

पण मग आपल्याकडचा प्लेग आठवला. रोग तोच, जंतू तोच. १८९७ साली पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीनं सोल्जर घराघरांत घुसवले, माणसं उचलून नेली, सामान जाळलं, आणि २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या हे आपल्याला शाळेतच कळतं. तिथे लोकांना कुणी विचारलं नव्हतं. ईमच्या हद्दीवर सोल्जर नव्हते. हँकॉकबाईच्या शेताला दरवाजा नव्हता, पहारा नव्हता. तिसरं पोर पुरून झाल्यावर उरलेल्यांना घेऊन ती अंधारात डोंगर उतरून गेली असती तर तिला कोण अडवणार होतं? ती गेली नाही. जूनमधला होकार कितीही दबावाखालचा असो, ऑगस्टमधल्या त्या आठ दिवसांत तो तिनं रोज सकाळी नव्यानं दिला. की तिच्यात पळायचीही ताकद उरली नव्हती? दगडांवर फक्त नावं आणि तारखा आहेत.

२०१६ साली या साथीचा एक गणिती अभ्यास प्रसिद्ध झाला. पॅरिश रजिस्टरातल्या तारखा आणि कुटुंबं घेऊन कुणाकडून कुणाला रोग गेला असेल याचं मॉडेल केलेलं. उंदरांच्या पिसवांपेक्षा माणसाकडून माणसाला झालेली लागण बरीच जास्त होती, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे हद्द बंद करण्यानं बाहेरच्यांना फायदा झाला असणार. आणि आत, एकाच घरात एकत्र राहणाऱ्यांचा धोका वाढला असणार. हे वाचताना मला बरं वाटलं नाही. मॉम्पेसन बरोबर होता, आणि त्याच्या बरोबर असण्याचं बिल हँकॉकच्या शेतावर गेलं होतं.

परत येताना स्टोनी मिडलटनच्या वाटेवरचा हद्दीचा दगड बघितला. नाव ऐकून मोठा शिलालेख वगैरे डोळ्यासमोर आला होता. प्रत्यक्षात गवतात पडलेला एक ओबडधोबड धोंडा, वरून गुळगुळीत, त्यात सहा खळगे. खळग्यांत पावसाचं पाणी आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी टाकलेली नाणी. मी हद्दीच्या कुठल्या बाजूला उभा आहे ते मला कळेना. गूगल मॅप्सवर बघावं लागलं.

तिथूनच तात्यांना व्हिडिओ कॉल केला. भारतात रात्र झाली होती. त्यांना दगड दाखवला, गोष्ट सांगितली. मुलांना आधी पाठवलं तेही सांगितलं. तात्या म्हणाले, "पाठीवनारच की. बाप हाय." मग मी इतकी वर्षं न सांगितलेलं सांगितलं. रूममेटचा ताप, माझा घसा. स्क्रीनवर तात्यांचा चेहरा अडकला, मला वाटलं नेटवर्क गेलं.

नेटवर्क गेलं नव्हतं. थोड्या वेळानं ते म्हणाले, "तवा सांगाय पायजे हुतंस."

"सांगितलं असतं तर शाळेत ठेवलं असतं?"

त्याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. म्हणाले, "तुज्या वर्गातलं ते पोरगं हुतं न्हवं शाळंत, मुंबईवालं. तिसऱ्या दिशी मी भाकरी घिऊन गेलो तर मला म्हनलं, तात्या, तुमच्या माळवदावर सांजंचं कोन असतं ओ? मी म्हनलं, कोन न्हाय. तर म्हनलं, बरं."

"मग?"

"मग काय. चौदा दिस काडलं. कुनाला बोललं न्हाय."

"आता कुठे असतो तो?"

"मुंबईतच. त्येचा नंबर हाय माज्याकडं. धाडू का?"

खालच्या रस्त्यावरून शेफील्डची बस येताना दिसत होती. मी म्हणालो, धाडा.